उतरताना लांब, चढताना आखूड

१

रुक्मिणीबाई सकाळी उठल्या की आधी देवाचं नाव घ्यायच्या आणि लगेच काठीचं. माझी काठी कुठंय गं? काठी कुठे असणार? दाराशेजारच्या कोपऱ्यात, छत्रीच्या बाजूला, जिथे आदल्या रात्री पुनमनेच ती ठेवलेली असायची. पण विचारणं हा सासूबाईंच्या उठण्याचाच एक भाग होता. पुनम गॅस बारीक करायची, काठी नेऊन हातात द्यायची आणि पोळ्यांकडे परत यायची. लग्नाला साडेतीन महिने झाले होते. तेवढ्यात घरातली कुठली फरशी हलते, कुठला नळ किती पिळावा लागतो आणि कुठल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, हे तिला पाठ झालं होतं.

काठी लाकडाची नव्हती. ती गणराजची, म्हणजे पुनमच्या नवऱ्याची, ट्रेकची घडीची काठी होती. एकात एक सरकणाऱ्या तीन नळ्या, जोडावर खटके, नळीवर सेंटिमीटरचे आकडे, मनगटात अडकवायला पट्टा, टोकाला रबरी टोपी. मिटवली की प्रवासाच्या पिशवीत मावायची. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी आधाराला काठी घ्या म्हटलं, तेव्हा वाकड्या मुठीची म्हाताऱ्यांची काठी धरायला रुक्मिणीबाईंनी साफ नकार दिला होता. ही मात्र चालली. डांगे चौकात भाजीवालीने बघितली तर "आमच्या गणूची हाय, गडावर न्यायची," असं सांगता यायचं.

पुनमने पहिल्याच दिवशी त्यांना भिंतीला लावून उभं केलं, कोपर काटकोनात आणलं आणि काठी बरोबर शंभरावर बसवली. चाकणच्या एका कंपनीत तिने तीन वर्षं क्वालिटीत, तयार मालाच्या तपासणीत, काढली होती. आकडा एकदा बसवला की तो बसलेला असतो, असा तिचा समज होता. नोकरी तिने सासूबाईंच्या गुडघ्यासाठी सोडली. तात्पुरती, असं सगळे म्हणाले. राजीनामा तात्पुरता कसा असतो, हे तिने कुणाला विचारलं नाही.

२

एका सोमवारी रुक्मिणीबाई हॉलमध्ये दोन पावलं चालल्या आणि थांबल्या. खांदा कानाला लागतोय म्हणाल्या. तू तुझ्या उंचीची करून ठेवलीस का, असंही म्हणाल्या, आणि त्यात नव्या सुनेने काय काय आपल्या मापाचं करून घेतलंय याची एक छोटी यादी होती, ती त्यांनी बोलून दाखवली नाही एवढंच.

आकडा एकशे पंचवीसवर होता.

पुनमने काठी शंभरावर आणली. मंगळवारी ती पुन्हा एकशे पंचवीस. बुधवारीही. गणराजला विचारलं तर तो म्हणाला, मी कशाला हात लावू? त्याची त्या आठवड्यात रात्रपाळी होती. तो सकाळी आठला यायचा, आंघोळ करून झोपायचा, आणि घर दुपारभर त्याच्या झोपेसाठी दबकून वागायचं. रुक्मिणीबाईंची बोटं संधिवाताने आखडलेली. त्यांना डब्याचं झाकण उघडत नव्हतं, खटका कुठला उघडणार.

बुधवारी रात्री पुनमने पर्सच्या तळातून पिवळा मार्कर काढला. कंपनीतून तिने आणलेली ती एकमेव वस्तू. लाइनवर बोल्ट आवळून झाला की त्यावर आणि खालच्या पत्र्यावर मिळून एक आडवी रेघ मारतात. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते. तिने तीन वर्षं फक्त अशा रेघा बघितल्या होत्या. काठी शंभरावर ठेवून तिने खटक्यावरून नळीपर्यंत एक रेघ ओढली आणि वाळू दिली.

सकाळी रेघ अखंड होती. कुठे तडा नाही, कुठे जोड नाही. फक्त ती आता एकशे पंचवीसवर होती. शंभराच्या आकड्यावर पिवळ्याचा ठिपकासुद्धा नव्हता.

ती तिथेच उंबऱ्यापाशी उकिडवी बसली. कंपनीत असती तर तिने हा तुकडा नापास मालाच्या लाल डब्यात टाकला असता आणि चहाला गेली असती. घरात लाल डबा नसतो. पोळी करपल्याचा वास आला तेव्हा ती उठली.

३

दुपारी गणराज जेवायला बसला तेव्हा तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, की अशा काठीची उंची कमी-जास्त कशासाठी करतात.

तो भाकरी मोडत होता. "चढताना आखूड करायची, उतरताना लांब. सपाटीला कोपराएवढी. साधं आहे."

"आणि कुणी उतरताना एकशे पंचवीस ठेवत असेल, तर त्याची सपाटीची किती?"

"दहा कमी. एकशे पंधरा."

"तुमची किती?"

"माझी एकशे वीस." मग त्याने कालवण मागितलं. ते ताटात होतं.

पट्ट्यावर इंग्रजी एल होता, म्हणजे डाव्या हाताची. अशा काठ्या जोडीने येतात. उजवी कुठंय, असं तिने विचारलं. ती राहिली वरच, एवढंच तो म्हणाला, आणि ताटात अर्धी भाकरी ठेवून झोपायला गेला. साडेतीन महिन्यांत त्याने ताटात अन्न टाकलेलं तिने पहिल्यांदा बघितलं.

४

शुक्रवारी काठी एकशे पंधरावर होती. शनिवारीही, रविवारीही.

पुनमने आता कुणाला काही सांगायचं सोडून दिलं होतं. सकाळी लवकर उठून ती काठी शंभरावर आणायची, म्हणजे खांद्याची तक्रार नको. काम वाढलं ते वाढलंच. या घरात काम असंच वाढायचं, कुणी सांगायचं नाही, आणि आठ दिवसांनी ते तिचंच असायचं.

आठवडा बदलला आणि गणराजची पाळीही बदलली. दुपारची शांतता आता दोघींचीच होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून रुक्मिणीबाई जेवण झाल्यावर हॉलमध्ये वीस फेऱ्या मारायच्या. पुनम ओट्यापाशी भांडी घासत ऐकायची. रबरी टोपीचा आवाज मऊ होता. थप. मग दोन पावलं. थप.

एक दिवस तिने नळ बंद केला, कारण मध्येच आणखी काहीतरी होतं. थप. पावलं. टक.

टक हा रबराचा आवाज नव्हता. लोखंडाचं उघडं टोक दगडावर पडल्यावर येतो तो होता. तिने डोकावून बघितलं. सासूबाई खिडकीकडे तोंड करून चालत होत्या, एकट्या, एका काठीने. काठीची टोपी जागेवर होती. वरच्या मजल्यावर कुणी खलबत्ता कुटत असेल. डक्टमधून आवाज येतात, खालच्यांचं भांडण आपल्या बाथरूममध्ये ऐकू येतं. पुनमने स्वतःला तीन कारणं दिली आणि तिन्ही चांगली होती. अडचण एवढीच होती, की सासूबाई थांबल्या की टक थांबायचं.

"तुमाला काही ऐकू येतं का, आई?" तिने शेवटी विचारलं. त्यांच्याशी बोलताना तिचंही बोलणं हल्ली त्यांच्यासारखं व्हायचं.

"व्हय की," रुक्मिणीबाई म्हणाल्या, जणू हवापाण्याचं विचारलं. "चालतंय कुणीतरी संगं. एक पाय वढतंय बिचारं. लांबनं येतंय." त्या पुन्हा चालू लागल्या. "बरं वाटतं गं. माज्याइतकंच दमलेलं हाय."

५

त्या संध्याकाळी पुनमने गणराजच्या हातात चहा दिला आणि समोर बसून राहिली. ती सहसा अशी बसत नसे. त्याने दोनदा टीव्ही लावला, तिने दोनदा बंद केला. मग तिने विचारलं, "एकशे पंधरा कुणाची होती?"

त्याने कप खाली ठेवला. मग त्याने सांगितलं, तुकड्यातुकड्यांत, मधूनच दुसरंच काही बोलत.

लाइनवर गोरक्ष नावाचा एकजण होता. बीडकडचा, कॉन्ट्रॅक्टवर. लग्नाच्या आठ दिवस आधी लाइनवरचे पाचजण मावळातल्या एका गडावर गेले होते. वरून परत निघताना गोरक्षचा पाय मुरगळला. बाकीचे पुढे उतरले होते. गणराजने जोडीतली उजवी काठी त्याला दिली, त्याच्या उंचीची करून दिली, थोडं अंतर सोबत चालला. पण गोरक्ष दर दहा पावलांवर बसत होता आणि गणराजची दुसरी पाळी तीनला होती. दुसऱ्या दिवसापासून लग्नाची रजा सुरू होणार होती. त्या दिवशी खाडा पडला असता तर सुपरवायझरने रजाच कापली असती.

"म्हटलं, तू ये मागून सावकाश," गणराज म्हणाला.

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी तो आला नाही कामावर, असं कळलं. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, गेला असेल गावी. ती पोरं तशीच असतात, पुनम. मी एकदा फोन केला. स्विच ऑफ. लग्नाची गडबड होती. मी परत गेलो तोवर त्याच्या जागी दुसरा उभा होता."

पुनमला त्याच्यावर ओरडावंसं वाटलं, पण ते जमेना. तिच्याही लाइनवरून तीन वर्षांत चारजणी अशाच नाहीशा झाल्या होत्या. एक दिवस यायच्या, दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी दुसरी असायची. लग्न झालं असेल, असं तीच म्हणाली होती. तिच्याबद्दलही आता कुणीतरी तेच म्हणत असेल, आणि निदान ते खरं होतं.

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"काय सांगायचं? उतरला असेल ना तो." त्याने तिच्याकडे बघितलं. "उतरलाच असेल."

६

गणराजच्या फोनमध्ये एक नंबर 'गोरक्ष घर' या नावाने होता. गोरक्षच्या फोनमधला बॅलन्स संपला की तो याच्या फोनवरून आईशी बोलायचा. दुसऱ्या दिवशी पुनमने त्या नंबरवर फोन केला. पलीकडे एका बाईने उचलला. रतनबाई, गोरक्षची आई. मागे शेळी ओरडत होती.

पुनमने गोरक्ष घरी आहे का असं विचारलं.

"तिकडंच हाय की त्यो, कंपनीत," रतनबाई म्हणाल्या. "फोन लागंना त्याचा. दिवाळीलाबी आला न्हाई. तुमी त्याच्या कंपनीतल्या का, बाई?" पुनम काहीतरी हो म्हणाली. "मग भेटला तर सांगा, रागावली न्हाई म्हणावं मी. काम असंल. पर निघ म्हणावं आता."

पुनमने फोन ठेवला.

रात्री तिने गणराजला सांगितलं, की तो गावी नाही. चौकीत जा, गडावर जा, कुठेही जा, पण जा. तो येतोय, त्याच्याआधी तुम्ही जा. गणराजने 'येतोय' म्हणजे काय, असं विचारलं नाही, आणि त्यावरून तिला कळलं की टक त्यालाही ऐकू येत होतं. तो म्हणाला, गुरुवारी सुट्टी आहे, गुरुवारी जातो. हा गुरुवार की पुढचा? या आठवड्यात ओव्हरटाइम आहे. पुढचा. नक्की.

७

रविवारी काठी एकशे पाचवर होती.

चढताना आखूड. पुनम दार उघडून जिन्यात गेली. त्यांची इमारत जुनी, चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली, आणि ते चौथ्यावर. तळमजल्यापासून पहिल्यापर्यंत प्रत्येक पायरीच्या उजव्या कडेला फरशीत एक बारीक खळगी होती, मसुराच्या दाण्याएवढी. आत लालसर कोरडी माती. तिने नखाने खरवडून बघितली. पहिल्या मजल्यानंतर पायऱ्या गुळगुळीत होत्या.

सोमवारी खळग्या दुसऱ्या मजल्यापर्यंत आल्या. दूधवाला त्यांच्यावरून चढून आला आणि त्याला काही दिसलं नाही. मंगळवारी तिसऱ्यापर्यंत.

गणराजची पुन्हा रात्रपाळी लागली होती. मंगळवारी सकाळी तो घरी आला तेव्हा तिने त्याला हाताला धरून खाली नेलं आणि पायऱ्या दाखवल्या. तो खळग्यांकडे बघत उभा राहिला. रात्रभर उभ्याने काम केल्यावर माणूस कशाकडेही असाच बघतो. मग कठडा धरून वर आला, एकेक पायरी, भिंतीच्या बाजूने.

"आजच जा," ती म्हणाली. "झोप नंतर होईल."

"गुरुवारी," तो म्हणाला. "एकच दिवस मध्ये आहे, पुनम. मला उभं राहवत नाहीये."

त्यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच तिला त्याचा राग आला.

८

बुधवारी दुपारी गणराज आतल्या खोलीत पडदे ओढून झोपला होता. रुक्मिणीबाई हॉलमध्ये खुर्चीवर, पाय समोर लांब सोडून, काठी मांडीवर आडवी. पुनम खाली बसून मेथी निवडत होती. पंखा फिरत होता. रस्त्यावरून कंपनीची बस गेली, काचा थरथरल्या आणि थांबल्या.

तिने मान वर केली तेव्हा काठीवरचा आकडा एकशे पंधरा होता. खटका उघडल्याचा आवाज आला नव्हता.

सपाटी. चौथ्या मजल्याचा पॅसेज सपाट होता.

टक. मग काहीतरी फरशीवरून ओढल्यासारखं. टक. दाराशी येऊन ते थांबलं. बेल वाजली नाही. दारापलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं, चार मजले चढून आलेल्याचा, तोंडाने. या इमारतीत कुरिअरवालासुद्धा असाच उभा राहायचा, आणि पुनम त्याला आधी पाणी द्यायची.

ती आतल्या खोलीत गेली. गणराज उताणा पडला होता. डोळे उघडे होते, कधीपासून कोण जाणे.

"अहो," ती म्हणाली.

"उघडू नकोस." आवाज कोरडा होता. "उद्या जातोय ना मी. उद्याच जातोय."

"कुणीतरी दमून आलंय गं," हॉलमधून रुक्मिणीबाई म्हणाल्या. "किती येळ हुबं करायचं?"

पुनम दाराशी गेली. दाराखालच्या फटीतून तिला लोखंडी टोकाची सावली दिसली, एका बाजूने झिजलेली. ती तिथे किती वेळ उभी होती हे तिला नंतर आठवलं नाही. पलीकडे धाप अजून चालू होती. तिला वाटलं, उघडलं की पॅसेज रिकामा असेल, आणि मग हे एकदाचं संपेल. हे कारणही चांगलं होतं. तिने कडी काढली.

पॅसेज रिकामा होता. ऊन, चपलांचं कपाट, शेजाऱ्यांची तुळस. वाळल्या गवताचा वास तेवढा आत आला.

मागे खुर्ची करकरली. रुक्मिणीबाईंनी दोन्ही हातांनी आपला दुखरा गुडघा उचलून पाय आत घेतले, समोरून कुणाला जायचं असलं की घेतात तसे. मग पुन्हा लांब केले.

आतल्या खोलीत पलंग वाजला.

"आलास का," गणराज म्हणाला. मग हळू आवाजात, लाइनवर शेजारच्याशी बोलावं तसं, "थांब. बूट घालतो."

पुनम दार धरून उभी होती. तिला बुटाच्या नाड्या ओढल्याचा आवाज आला, आधी एका पायाच्या, मग दुसऱ्या. रुक्मिणीबाईंनी पाय आत घेतले.

गणराज तिच्या समोरून गेला. उजवा खांदा खाली दबलेला, मान त्याच बाजूला वाकलेली. डावा हात वर घेऊन त्याने डाव्या खांद्यापाशी काहीतरी घट्ट धरलं होतं, आपल्या गळ्यात कुणी हात टाकला की त्याचं मनगट धरतात तसं. उजवा हात कुणाच्या तरी कमरेभोवती असल्यासारखा वळलेला. त्या वळणात काही नव्हतं. त्याच्या शर्टाला मात्र, छातीच्या डाव्या बाजूला, पाच बोटांची चुणी पडलेली होती.

"सावकाश," तो बाजूला बघून म्हणाला. पुनमकडे त्याने बघितलं नाही. पहिली पायरी उतरायला त्याला फार वेळ लागला.

"जेवून तरी जायचं," रुक्मिणीबाई म्हणाल्या. मांडीवरची काठी लांब झाली होती. एका बाजूला कलून तिचं टोक खालच्या मेथीच्या ढिगाला लागत होतं.

९

पुनमने चौकीत तक्रार दिली, दोघांची मिळून. येतील, असं पोलीस म्हणाले. गडावर माणसं जाऊन आली. कुणी सापडलं नाही. कंपनीतून दोनदा फोन आला, मग थांबला. लाइनवर गणराजच्या जागी दुसरा उभा आहे, असं त्याच्या मित्राने सांगितलं, आणि लगेच तिची माफी मागितली. शेजारीण म्हणते, गेला असेल गावी. गणराजचं गाव इथल्या इथे, चाकणपासून सहा किलोमीटरवर आहे.

रतनबाईंचा अधूनमधून फोन येतो. निघाला का, असं त्या विचारतात. पुनम निघाला म्हणते. दोघी फार बोलत नाहीत.

काठी आता रोज सकाळी एकशे वीसवर असते, गणराजच्या सपाटीच्या मापावर. पिवळी रेघ अखंड. पुनम तिला शंभरावर आणत नाही. तिने सासूबाईंना वाकड्या मुठीची लाकडी काठी आणून दिली, आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी ती मुकाट्याने घेतली. घडीची काठी दाराशेजारच्या कोपऱ्यात छत्रीच्या बाजूला असते. उठल्यावर पुनम आधी तिच्याकडे जाते, मग गॅसकडे. नंतर ओला फडका घेऊन जिना पुसायला उतरते, आणि पुसताना पायऱ्यांची डावी कडही बघते.

ज्या दिवशी आकडा एकशे दहा होईल, त्या दिवशी दार उघडं ठेवायचं, एवढं तिने ठरवलंय. पाण्याचा तांब्या मात्र एक भरायचा की दोन, ते अजून ठरत नाही.